घोव तारवार आसा

जनुकीय समुपदेशक म्हणजे किचकट रिपोर्ट सोपा करून सांगणारा माणूस, अशी समजूत आहे. खरं तर या कामातला निम्मा वेळ गरोदरपणाचे आठवडे मोजण्यात जातो. गोव्यात ही मोजणी वरचेवर अडते ती नवऱ्याच्या रक्तापाशी.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच घ्या. गरोदर बाईच्या सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८० च्या आणि एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली दिसलं की एचपीएलसी करायची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायचे. त्यातला एचबीए२ हा प्रकार ४ टक्क्यांच्या वर असेल तर ती बहुतेक बीटा थॅलेसेमियाची वाहक: स्वतः आजारी नाही, पण सदोष जनुक बाळाला देऊ शकते. त्याच्या किंचित खालचा आकडा फसवा असतो. अंगात लोह कमी असलं की एचबीए२ उतरतं आणि वाहक बाई नॉर्मल ठरते. एरवी लोह भरून काढून पुन्हा तपासता येतं. बारावा आठवडा लागला असेल तर एवढी सवड कुठली? सरळ नवऱ्याचं रक्त मागवायचं; तोही वाहक असेल तरच बाळाला आजाराचा धोका.

तेव्हा सासू सांगते, ‘घोव तारवार आसा.’ म्हणजे नवरा जहाजावर आहे. परतायला सहा महिने. अशा वेळी जहाजावर चढण्यापूर्वीच्या मेडिकलचे कागद मागावेत. त्यांत सीबीसी असेल तर एमसीव्ही-एमसीएचवरून अंदाज येतो. पण तो अंदाजच. सिकल सेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या वाहकात हे आकडे नॉर्मल असू शकतात, म्हणून पुढच्या बंदरात एचपीएलसी करायला सांगायचंच.

दोघंही वाहक निघाले तर आधी दोघांचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला नेमका बिघाड, सापडावा लागतो, मग बाळाची तपासणी. वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजल सोळाव्यानंतर. सोबत आईचं रक्तही पाठवावं. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या तर बाळाच्या नावावर आईचाच निकाल येतो. २४ आठवडे उलटले की गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो.

दोघंही वाहक असले की दर खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. ‘२५ टक्के’ ऐकून लोक समजतात, एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन बरी. इथे आकडा पुन्हा पुन्हा सांगून काही होत नाही. दोघांच्या हातात एकेक नाणं द्यावं. दोन्ही छापे पडले तर मूल आजारी. आता परत उडवा म्हणावं. मागचा डाव नाण्याला आठवत नाही, हे तेव्हा पटतं.

नवरा बंदराला लागला, रेंज आली की व्हिडिओ कॉलवर निकाल दोघांना एकत्रच सांगावा. एकट्या बाईला सांगितलेला रिपोर्ट घरी पोचेपर्यंत ‘हिच्यातच दोष’ असा होतो, आणि नवऱ्याचं रक्त तपासायचं राहूनच जातं.