तलाव-नोंदी साइट: पेलिकनच्या डिफॉल्ट तारखेचा घोळ एकदाचा सुटला

नागपूरच्या तलावांवरच्या पक्षी-नोंदींची ही साइट पेलिकनवर चालते; साध्या मजकूर-फाइलींतून साइट तयार करणारं ते साधन. मागच्या अपडेटनंतर साइट पहिल्यांदा सर्व्हरवर बिल्ड (तयार) झाली आणि अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, तिन्ही फोल्डरांतल्या सगळ्या नोंदींवर एकच तारीख आली: बिल्डच्या दिवसाची. घरच्या मशीनवर सगळं बरोबर. दोष 'डिफॉल्ट_डेट' या सेटिंगला दिलेल्या 'एफएस' चा. लेखात तारीख नसली की पेलिकन फाइल शेवटची बदलल्याची वेळ उचलतो, आणि गिट (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ती वेळ जपतच नाही. सर्व्हरवर प्रत उतरवली (क्लोन) की सगळ्या फाइली ताज्या. फीडमधल्या (वाचकांना नव्या नोंदी कळवणाऱ्या यादीतल्या) नोंदीच्या ओळखीतही तारीख असते, त्यामुळे वाचकांकडे जुन्याच नोंदी नव्या म्हणून जातात.

गिटच्या इतिहासातून तारीख काढणारं प्लगइन आहे. पण बिल्ड सेवा बरेचदा फक्त शेवटची कमिट (गिटमध्ये साठवलेला बदल) आणतात, मग पुन्हा सगळ्यांना तीच तारीख. पूर्ण इतिहास आणला तरी मिळते ती कमिटची तारीख; पक्षी रविवारी दिसला आणि नोंद बुधवारी चढवली, तर उपयोग काय? प्लगइन बाद.

उपाय फाइलच्या नावात आहे. 'फाइलनेम_मेटाडेटा' हा नावातून माहिती काढणारा पॅटर्न मुळातच '२०२५-०१-१२' अशी तारीख ओळखतो, अट एवढीच की ती नावाच्या अगदी सुरुवातीला हवी. 'अंबाझरी-२०२५-०१-१२' चालत नाही. (अंक इंग्रजी कळफलकाचेच ठेवा.) क्रम असा: आधी डिफॉल्ट, त्यावर फाइलची वेळ, त्यावर नावातली तारीख, आणि लेखातली ओळ सगळ्यांच्या वर.

हे लिहितानाच लक्षात आलं, नुसत्या तारखेला वेळ मध्यरात्रीची मिळते. सकाळ-संध्याकाळच्या दोन नोंदींचा क्रम भरवशाचा राहत नाही. म्हणून पॅटर्नमध्ये तारखेनंतर 'टी' आणि चार अंक ऐच्छिक जोडले: '२०२५-०१-१२टी०७१०'. कोलन नको, विंडोजला नावात चालत नाही. हा भाग 'डेट' गटाच्या कंसाच्या आतच हवा. बाहेर राहिला तर वेळ गुपचूप गळते. सोबत 'टाइमझोन' ला 'एशिया/कोलकाता'. आता क्रम चोख लागतो, बघून बरं वाटतं.

'डिफॉल्ट_मेटाडेटा' मध्ये स्टेटस 'ड्राफ्ट' (अजून प्रसिद्ध न केलेलं) ठेवणं मला अजूनही पटतं, पण ते पानांनाही लागतं, 'परिचय' सुद्धा ड्राफ्टमध्ये जातं. फोल्डरनुसार माहिती देणाऱ्या 'एक्स्ट्रा_पाथ_मेटाडेटा' मध्ये 'पेजेस' फोल्डरला 'पब्लिश्ड' द्या, काम झालं. आधीची एचटीएमएल आउटपुटमध्ये तशीच पडून राहते, ती पुसायला 'डिलीट_आउटपुट_डिरेक्टरी' चालू करा. नाहीतर ड्राफ्ट केलेलं पान साइटवर दिसतच राहतं.

'एक्स्ट्रा_पाथ_मेटाडेटा' नेच प्रत्येक तलावाच्या फोल्डरला 'ठिकाण' देता येईल, त्यामुळे ठिकाण टॅगांनी दाखवायचा बेत सध्या मागे. लेखात टॅग लिहिले की डिफॉल्ट टॅग जातातच, दोन्ही एकत्र होत नाहीत. फक्त माहितीच्या ओळीतलं कोलनआधीचं नाव ('की') रोमन अक्षरांत ठेवा: लेखाच्या वरच्या माहितीच्या ओळी वाचणारा मार्कडाउनचा मेटा भाग देवनागरी नाव ओळखत नाही, तिथेच थांबतो आणि खालच्या ओळी मजकुरात ओततो. ती ओळ शीर्षकाच्या वर असेल तर शीर्षकही हरवतं आणि लेख बिल्डमधून गळतो.