दुखणे ओसरते, श्रेय डब्याला मिळते

पायांचा व्यायाम जोरात झाला की दुसऱ्या दिवशी त्याची आठवण जिना करून देतो, आणि तीही चढताना कमी, उतरताना अधिक. प्रत्येक पायरीला मांड्या ठणकतात आणि हात आपोआप कठड्याकडे जातो. भार पेलत असतानाच स्नायू ताणला जातो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पाठोपाठ दाह सुरू होतो. म्हणूनच हे दुखणे साधारण 12 ते 24 तासांनी जाणवू लागते, 24 ते 72 तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते आणि मग आपसूक ओसरते. लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे अंग दुखते हा समज व्यायामशाळांतून काही केल्या जात नाही. वास्तविक व्यायामात वाढलेले लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होते.

स्नायूंसाठी विकल्या जाणाऱ्या पूरकांचा (सप्लिमेंट्सचा) विचार करताना मला हे वेळापत्रक सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुखणे ऐन भरात असताना पूरकाचा डबा घरी येतो, दोन दिवसांत दुखणे जाते आणि श्रेय डब्याला मिळते. त्यात भर म्हणजे तोच व्यायाम पुन्हा केल्यास स्नायू पहिल्याइतका दुखत नाही, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे पुढच्या वेळीही बाजी डबाच मारतो.

याचा अर्थ सारीच पूरके निरुपयोगी आहेत असा नव्हे. नियमित वजने उचलणाऱ्याला दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने मिळाली, तर स्नायूंच्या वाढीला त्यांचा उपयोग होतो. जेवणातून तेवढी मिळत नसतील तर व्हे प्रोटीन (दुधातून काढलेली प्रथिनांची भुकटी) ही निव्वळ सोय आहे, वेदनाशामक नव्हे. रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिनने (स्नायूंना झटपट ऊर्जा मिळवून देणाऱ्या पदार्थाने) ताकद वाढते याला भक्कम आधार आहे, पण ठणका कमी होण्याबाबत तसे म्हणता येत नाही. (क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तचाचणीत क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडांचे काम जोखतात) थोडे वाढलेले दिसू शकते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगावे.) बीसीएएबद्दल (शाखायुक्त साखळीच्या तीन अमिनो आम्लांच्या पूरकाबद्दल) माझे मत फारसे बरे नाही: स्नायू बांधायला नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात, त्यांतली तीनच वेगळी विकत घेण्यात काय हशील? आंबट चेरीचा रस आणि हळदीतले कर्क्युमिन यांनी दुखणे थोडे कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. मात्र चेरीच्या प्रयोगांत रस बहुधा व्यायामाच्या काही दिवस आधीपासून दिलेला असतो, आणि कर्क्युमिन नुसते घेतल्यास शरीरात फारच कमी शोषले जाते.

क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांपासून मात्र मी लांब राहीन. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये व्यायामामुळे इन्सुलिन संवेदनशीलतेत (इन्सुलिनला शरीर किती चांगला प्रतिसाद देते त्यात) होणारी सुधारणा दिसलीच नाही. व्यायामाने पेशींवर येणारा ऑक्सिडीकरणाचा ताण ही जीवनसत्त्वे कमी करतात; शरीर ज्या ताणातून शिकते, तोच पुसून टाकला तर व्यायामाचा लाभही घटू शकतो.

डब्यावर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून घटकांची एकत्रित बेरीजच दिली असेल, तर कोणता घटक किती आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. असा डबा मी परत ठेवतो. स्पर्धांत उतरणाऱ्यांनी तर स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलेच उत्पादन घ्यावे, कारण लेबलवर नसलेला निषिद्ध पदार्थ शरीरात सापडला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

दुखणे असह्य होऊन स्नायू सुजले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर प्रश्न पूरकांचा राहत नाही. तुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करू शकते, म्हणून अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे.