लीड्स : मार्केटमागचं हरवलेलं यार्ड

इंग्लंडमधल्या लीड्सला येणारा पाहुणा किर्कगेट मार्केटमध्ये हमखास जातो. मासळी, भाजी, कापड, स्वस्तातले मोजे, सगळं एका छताखाली. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीची सुरुवात १८८४ मध्ये इथल्याच एका पेनी बाजारातून, म्हणजे पेनीला वस्तू विकणाऱ्या गाळ्यातून झाली, म्हणून त्यांच्या घड्याळाखाली फोटोही निघतात. मी मात्र या भागात येऊन बूट अँड शू यार्डाचा, म्हणजे दाटीवाटीच्या मजूरघरांच्या एका आवाराचा, ठाव घेत होते. ते यार्ड केव्हाच पाडलं गेलंय.

१८३२ च्या कॉलऱ्यात या एका यार्डातून ७५ गाड्या घाण उपसली गेली. वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. घरं ३४, माणसं ३४०. हे आकडे नोंदवून ठेवले रॉबर्ट बेकर नावाच्या इथल्याच एका सर्जनने. घरटी दहा माणसं वाचून मुंबईत वाढलेली मी काही दचकले नाही. दचकले ती पुढच्या नोंदीने : शहरातल्या मजूरवस्तीच्या घरांत सगळ्यात जास्त परतावा याच मालमत्तेवर मिळतो, असं म्हणतात! नाडी बघायला गेलेल्या डॉक्टरने घरमालकाचा हिशेबही बघितला, इथेच मला हा माणूस आवडला.

किर्कगेट रस्त्याने खाली उतरलं की लीड्स मिन्स्टर हे चर्च लागतं. शेजारी पेनी पॉकेट पार्क, पूर्वीची चर्चची दफनभूमी. १८६९ मध्ये रेल्वेचा भराव या दफनभूमीतूनच घातला आणि हलवलेले थडग्यांचे दगड त्या भरावाच्या उतारावर मांडून ठेवले. वरून गाड्या धडधडत जातात, खाली लोक सँडविच खात बसलेले असतात. मीही बसले. जेवण मात्र सपक.

इथून जवळच एक ओढा दगडी भिंतींमधून एअर नदीकडे जातो. बेकरच्या काळी गिरण्यांचं आणि रंगाऱ्यांच्या कारखान्यांचं सांडपाणी त्यात सोडलेलं असे. ओढा आणि नदी यांच्या बेचक्यात ब्लू बेल फोल्ड नावाची पुढे वाट नसलेली गल्ली होती. २६ मे १८३२ रोजी तिथे एका आयरिश विणकराचं दोन वर्षांचं मूल आजारी पडलं, आणि लीड्समधला पहिला कॉलरा नोंदला गेला. साथ संपेपर्यंत सातशेच्या वर माणसं गेली.

पुढच्या वर्षी बेकरने अहवाल लिहिला आणि सोबत शहराचा नकाशा जोडला, कॉलऱ्याच्या गल्ल्या दाखवणारा. जिथे गटार नाही, फरसबंदी नाही, झाडलोट नाही, तिथेच रोग दाट, हे नुसत्या नजरेला दिसावं म्हणून. लंडनमधल्या डॉक्टर जॉन स्नोचा, एका पाण्याच्या पंपाभोवतीचे कॉलऱ्याचे मृत्यू दाखवणारा नकाशा जगभर गाजला, पण तो १८५४ चा. बेकर त्याच्या वीसेक वर्षं आधीचा. अर्थात स्नोने पाण्यावर बोट ठेवलं. बेकरचा रोख कुजक्या, दुर्गंधी हवेवर होता, म्हणजे कारण चुकलंच. तरी त्याने सुचवलेली गटारं बांधली असती तर १८४९ मध्ये पुन्हा दोन हजारांवर माणसं गेली नसती, असं मला वाटतं. दरम्यान तो नगरपरिषदेत होता, १८३९ मध्ये शहराच्या स्थितीचा सविस्तर अहवाल निघाला, १८४२ मध्ये आरोग्यसुधारक एडविन चॅडविकने मजुरांच्या आरोग्यावरच्या आपल्या प्रसिद्ध अहवालात बेकरचा नकाशा छापला. कागद बरेच झाले. मोठी गटारयोजना मात्र १८५० च्या दशकात आली.

बेकरचं उरलेलं आयुष्य गिरण्यांत गेलं. १८३० च्या सुमारास ब्रॅडफर्डचा गिरणीमालक जॉन वुड याने त्याला विचारलं, कामावरच्या मुलांची प्रकृती कशी जपू? बेकर म्हणाला, रोज गिरणीत येऊन मुलांना तपासणारा डॉक्टर नेमा. काम एखाद्याला झेपत नसेल तर वेळीच कळेल. १८३४ पासून तो स्वतःच सरकारी कारखाना तपासणी खात्यात गेला आणि १८७८ पर्यंत तिथेच राहिला.

दुपारी सेंट जेम्स हॉस्पिटलशेजारच्या थॅकरे म्युझियममध्ये, म्हणजे वैद्यकाच्या संग्रहालयात गेले. इमारत १८६१ ची, मूळची वर्कहाऊसची, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेची. आत व्हिक्टोरियन काळातली अख्खी गल्ली उभी केली आहे, मुद्दाम केलेल्या वासांसकट. लहान मुलं नाक दाबून खिदळत होती. लीड्सला आलात तर मार्केटमधला एक तास कमी करा, पण हे बघा.

बाहेर पडून हेअरहिल्सच्या बाजूला चालत गेले. तिथे पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगाच रांगा आहेत : मागची भिंत सामाईक, त्यामुळे दारं-खिडक्या फक्त पुढे, हवा आरपार जायला वाटच नाही. १९०९ मध्ये कायद्याने अशी घरं बांधायला बंदी घातली. पण नकाशे आधीच मंजूर झालेत, या सबबीवर लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती. आज त्यांत लोक राहतात, आणि भाड्याच्या पाट्याही दिसल्या.