निओशो १/७०० : डेक झाला, आता रिगिंग

निओशो हा अमेरिकन नौदलाचा तेलवाहू टँकर, त्याचं मॉडेल करतोय. हल (जहाजाचा सांगाडा) आणि मधला ब्रिज आधीच उरकला होता, या खेपेचा सगळा वेळ डेकने खाल्ला. १६८ मीटरची निओशो १/७०० प्रमाणात जेमतेम २४ सेंटिमीटर भरते. तेवढ्यात किंगपोस्ट (डेकवरचे जाड उभे खांब), तेलाचे पाइप आणि त्यांच्यावरून लांबच लांब जाणारा कॅटवॉक, म्हणजे अरुंद पूल. भरलेल्या टँकरचा डेक पाण्याला इतका टेकलेला असतो की समुद्र खवळला की लाटा वरूनच जातात, म्हणून खलाशांना ही उंच वाट. मी मात्र वॉटरलाइन किंचित खाली घेतली आहे. मला ७ मे १९४२ ची सकाळ हवी आहे, आणि आदल्या दिवशी तिने यॉर्कटाउन ही विमानवाहू व अस्टोरिया ही क्रूझर यांना तेल पाजलं होतं, म्हणजे ती हलकी होऊन थोडी वर तरंगत असणार.

सप्लाय जहाजं कोण बनवतं, असं विचारणाऱ्यांसाठी: पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ही तिथल्या फोर्ड आयलंड बेटाला, बॅटलशिपांच्या रांगेत उभी होती. विमानांचं पेट्रोल नुकतंच उतरवलेलं. कॅप्टन जॉन फिलिप्सनी भर हल्ल्यात दोर सोडून तिला बाहेर काढलं.

७ मेला कोरल समुद्रात नशीब फिरलं. जपानी टेहळणी विमानांनी निओशो आणि सोबतच्या सिम्स या विनाशिकेला विमानवाहू आणि क्रूझर समजून कळवलं, त्यावर ७८ विमानं निघाली. आल्यावर घोळ लक्षात आला, तरी डाइव्ह बॉम्बर या दोघींवर तुटून पडलेच. सिम्स बुडाली. निओशोवर सात बॉम्ब, वर एक विमानही आदळलं. पीटरसन हा जखमी वॉटरटेंडर (बॉयलर सांभाळणारा खलाशी) वाफेने भाजत असताना झडपा बंद करत राहिला. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. जहाज तरंगत राहिलं. ११ मेला हेन्ली या अमेरिकन विनाशिकेने १२३ जणांना उचललं आणि निओशोला स्वतःच बुडवलं. इकडे ही विमानं टँकरमागे लागलेली असताना अमेरिकनांनी शोहो ही जपानी विमानवाहू बुडवली.

टेहळणीवाल्यांना मी फार हसत नाही. निओशोच्याच सिमॅरॉन वर्गाचे चार टँकर, सँगामन आणि तिच्या बहिणी, त्याच वर्षी खरोखरच विमानवाहू झाले. लांब सपाट हल तीच.

किंगपोस्टच्या तारांसाठी (हेच रिगिंग) स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी, मेणबत्तीवर तापवून ओढतोय. फार ओढला की धागा सुपरग्लूच्या थेंबाच्या वजनानेच वाकतो. थोडा जाड ठेवलेला बरा. सिम्स वर्गाचा किट कपाटात आहे, दोन्ही एकाच बेसवर बसवणार. समुद्रासाठी अ‍ॅक्रिलिक जेल की रेझिन, कोणी दोन्ही वापरलं असेल तर सांगा.