स्पड गन अपडेट: बटाट्याच्या तोडीचा घरगुती दारूगोळा

स्पड गन म्हणजे बटाट्याची गोळी उडवणारी खेळण्यातली बंदूक. तिच्या नळीचं आणि दट्ट्याचं काम मागच्या अपडेटमध्येच संपलं होतं त्यामुळे यावेळी सगळं लक्ष दारूगोळ्यावर. बटाटा भारी आहेच, त्यात वाद नाही, पण घरात जे फेकायलाच निघालेलं असतं त्यातलं काय काय बटाट्याच्या जवळ पोचतं हे नीट बघायचं होतं.

नवीन लोकांसाठी सेटअप पटकन सांगतो. साधी हाताने दाबायची गन आहे, टाकी नाही, व्हॉल्व्ह नाही, गॅस नाही. ५० सेंमी लांब अॅल्युमिनियमची नळी, आतला व्यास २० मिमी, दोन्ही तोंडांच्या कडा धारदार घासलेल्या. बटाट्यात एक तोंड खुपसलं की पुढची गोळी कापली जाते, दुसरं खुपसलं की मागची, आणि मग दांडीने मागची गोळी पुढे ढकलायची म्हणजे मधली हवा दाबली जाते आणि पुढची फट्ट करून सुटते. दांडी नळीपेक्षा एका गोळीइतकी आखूड ठेवलीये, त्यामुळे मागची गोळी तोंडाशी येऊन थांबते आणि पुढच्या शॉटला तीच गोळी होते, मागे फक्त एक नवीन भरायची.

आता मुद्द्याचं. वेगवेगळ्या गोष्टी भरून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय की गोळी किती जड किंवा किती टणक आहे याने फार फरक पडत नाही, ती नळीत किती वेळ घट्ट धरून बसते आणि मग किती सहज सोडते यावर सगळा खेळ आहे. मधली हवा निम्म्या जागेत दाबली तर दाब दुप्पट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १ अॅटमॉस्फिअर जास्त, आणि २० मिमीच्या गोळीवर त्याचा जोर साधारण ३ किलो वजनाइतका येतो. दांडी झटक्यात मारली तर हवा तापते आणि तेवढ्याच जागेत दाब २.६ पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणूनच हळू ढकललेला शॉट कायम मरगळलेला निघतो (हळू ढकलताना हवा कडेने गळते ते वेगळंच). पण हे सगळं कधी, तर पुढची गोळी तोपर्यंत टिकली तर! ती आधीच सरकली तर दाब तयारच होत नाही.

बटाटा इथेच बाजी मारतो. त्यात जवळपास ८० टक्के पाणी, त्यामुळे दाबला की आकसत नाही, बाजूला फुगतो आणि नळीला अजून घट्ट चिकटतो, आणि एकदा सरकला की कापलेल्या पेशींतलं पाणी आणि स्टार्च मिळून बुळबुळीत थर होतो त्यावरून तो सुळकन जातो. आधी घट्ट मग निसरडा, हे कॉम्बिनेशन दुसऱ्या कशात इतकं सहज मिळत नाही. २५ मिमी लांब गोळी साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरते.

याच्या बरोबर उलट म्हणजे बाटलीचं कॉर्कचं बूच. कॉर्क दाबलं तर बाजूला जवळजवळ फुगतच नाही, म्हणून तर ते बाटलीच्या तोंडात सहज ठोकता येतं, पण गनमध्ये हाच गुण आडवा येतो कारण दाब वाढला तरी सील वाढत नाही, जेवढं सुरुवातीला घट्ट बसवलं तेवढंच. शिवाय हलकं, सुटताना वेग चांगला असतो पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि दीड-दोन ग्रॅमचं बूच तो वेग लगेच घालवून बसतं. आवाज मात्र खणखणीत येतो. फक्त आवाजासाठी वाजवायची असेल तर बूच दोऱ्याने नळीला बांधून ठेवा, पुन्हा पुन्हा वापरता येतं.

वेग मोजायला मोबाईलचं साउंड रेकॉर्डिंग पुरतं, महागडं काही लागत नाही. ५ मीटरवर पत्र्याचा डबा ठेवायचा, सुटल्याचा फट्ट आणि डब्याचा ठण्ण यातलं अंतर एडिटिंग अॅपमध्ये बघायचं. फोन गनपाशी असेल तर ठण्ण आवाजाला परत यायला लागलेले ०.०१५ सेकंद वजा करावे लागतात, पण फोन बरोबर मध्ये ठेवला तर दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि वजाबाकीच उरत नाही. समजा अंतर ०.४३ सेकंद आलं तर सरासरी वेग सेकंदाला ११.६ मीटर. एवढ्या वेळात गोळी ९० सेंमी खाली येते, म्हणून डबा खाली ठेवा नाहीतर नेम वर धरा, सरळ समोर बघून मारलं तर डबा कधीच वाजणार नाही.

बाकी भाज्यांचं थोडक्यात. गाजर टणक असल्याने छान वाटतं पण मधला दांडा आणि बाहेरचा भाग वेगळे होतात, कापतानाच उभी चीर जाते आणि तिथून हवा पळते. मुळा त्यापेक्षा खूप बरा. सफरचंदात पाचवा ते चौथा हिस्सा हवाच असते त्यामुळे ते दाबलं की चेपतं, फुगत नाही, सील गेलं. कलिंगडाच्या सालीचा आतला पांढरा भाग मात्र मस्त निघाला, ओला, घट्ट आणि फुकटचा, जाड साल असेल तर नक्की करून बघा. उकडलेला बटाटा विसरा, नळीत लगदा होतो. कणीक चिकटून बसते.

बटाट्यातही निवड आहे. कोंब आलेले, हिरवे पडलेले बटाटे खायला नकोतच कारण त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं, ते सगळे मी गनसाठी बाजूला ठेवतो (लहान मुलं सोबत असतील तर तुकडे तोंडात जाणार नाहीत हे बघा आणि नंतर हात धुवा). मऊ पडलेला बटाटा फेकू नका, चकत्या करून थंड साध्या पाण्यात काही तास ठेवल्या की पेशी पाणी ओढून पुन्हा कडक होतात आणि शॉटमध्ये फरक स्पष्ट कळतो. मिठाच्या पाण्यात नेमकं उलटं होतं.

आणि आता यावेळचा हिरो, ओला कागद. खरं सांगायचं तर बटाट्याच्या इतक्या जवळ कागद जाईल अशी अपेक्षा नव्हती. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजवायचे, हाताने कुस्करून लगदा करायचा, मग पिळायचा, आणि किती पिळायचा यातच सगळं आहे, मुठीत दाबल्यावर थेंब पडायचा बंद झाला की थांबा. जास्त ओला राहिला तर दाबाने आधी पाणीच बाहेर येतं, जास्त कोरडा झाला तर फायबरमधून हवा गळते. नळीची धार इथे उपयोगाची नाही, अंगठ्याने ठासून भरावा लागतो. टॉयलेट पेपर पाण्यात सुटावा म्हणूनच बनवलेला असतो त्यामुळे गोळी हवेतच विस्कटते. किचन टॉवेलमध्ये ओल्यावरही टिकायची ट्रीटमेंट असते, त्याचा लगदा होत नाही पण घट्ट घडी करून ओली ठासली तर एकसंध जाते आणि वाळवून पुन्हा वापरता येते. भांड्याचा स्पंज मुलांसाठी सगळ्यात सेफ, कोरडा गळतो म्हणून ओला करून पिळून भरा, रेंज कमी आहे पण घरातल्या घरात तेच हवं.

साफसफाई टाळू नका, स्टार्च वाळला की नळीच्या आत खरखरीत थर बसतो आणि पुढच्या वेळी चांगली गोळीही अडकते. कोमट पाणी आणि चिंधी, बस.

गोट्या, नाणी, खिळे, बॅटरी सेल, गोठवलेल्या भाज्या यातलं काहीही भरायचं नाही. खोडरबरसुद्धा नको, घट्ट धरतं खरं पण सुटतं तेव्हा लागतं. मऊ गोळी असली तरी डोळ्यावर सेफ्टी गॉगल हवाच आणि माणूस किंवा प्राण्यावर नेम नाही. पीव्हीसी पाईपला टाकी लावून पंपाने हवा भरायचं काही जण विचारतात, मी करणार नाही आणि करू नका असंच सांगेन, साधा पीव्हीसी दाबलेल्या हवेसाठी नसतो आणि फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात.

जाता जाता एक, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर होल्मन प्रोजेक्टर नावाची वाफेवर किंवा दाबलेल्या हवेवर ग्रेनेड उडवणारी नळी होती, कॉर्नवॉलच्या होल्मन ब्रदर्सने बनवलेली, आणि खलाशी तिच्यातून फावल्या वेळात बटाटे उडवायचे.

पुढच्या अपडेटमध्ये अंड्यांचे कागदी ट्रे. ते मुळात कागदाच्या लगद्याचेच असतात त्यामुळे वर्तमानपत्रापेक्षा लवकर भिजायला हवेत. शिवाय पुढची गोळी एक-दोन सेंमी आत सरकवून भरली तर तिला ढकलायला जास्त अंतर मिळतं पण मधली हवा कमी होते, यातलं कुठलं पारडं जड ठरतं तेही फोनवर मोजणार आहे. कुणी वेगळ्या व्यासाच्या नळीवर हे केलं असेल तर आकडे नक्की टाका.