कोबी काढणीचं यंत्र: आधी उंची ठरवा, पातं नंतर

कोबी कापायचं यंत्र करायचं म्हटलं की चर्चा पात्यापासूनच सुरू होते. खरं तर पातं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. अंगठ्यापेक्षा थोडा जाड दांडा कुठलीही धारदार चकती कापते. ती चकती प्रत्येक गड्ड्याखाली एकाच उंचीवर ठेवणं, हे खरं काम. जरा खाली गेली की माती आणि जांभ्याचे खडे लागून धार गेलीच म्हणा. जरा वर गेली की गड्ड्याचं बूड उडतं, पानं सुटी होतात आणि तो माल कोणी घेत नाही.

आपल्याकडे भात काढल्यावर त्याच खाचरात कोबी येतो. चिखलणी झालेली जमीन वाळली की तिची ढेकळं होतात, वरंबा सरळ राहत नाही. म्हणून कापणीचा भाग पॉवर टिलरच्या, म्हणजे मागे चालत चालवायच्या छोट्या मशागत यंत्राच्या, सांगाड्याला घट्ट जोडू नका. त्याला बिजागरीवर मोकळा सोडा, पुढे वरंब्यावर चालणारा रोलर द्या आणि बहुतेक वजन स्प्रिंगवर तोला. रोलर चकतीच्या जितका जवळ तितकं बरं. झाडांतलं अंतर 45 सेंमी असेल आणि रोलर चकतीच्या 40 सेंमी पुढे असेल, तर तो जवळजवळ पुढच्या गड्ड्याची जमीन मोजतो आणि कापतो मागचा.

दुसरी गोष्ट, गड्डा आधी धरायचा, मग कापायचा. कललेले गड्डे यंत्राच्या पुढचे दोन निमुळते, शेंगेच्या आकाराचे भाग खालून उचलून सरळ करतात. मग स्पंज लावलेले दोन पट्टे त्यांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि त्यानंतरच उलटसुलट फिरणाऱ्या, कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या दोन चकत्या दांड्याला लागतात. धरण्याआधी चकती लागली तर गड्डा लवंडतो, काप तिरका जातो.

पट्ट्यांचा वेग इथे फार नडतो. पट्टा मागच्या बाजूला 20 अंश चढता असेल तर त्याचा वेग यंत्राच्या वेगापेक्षा सुमारे 6 टक्के जास्त हवा. तेव्हा कुठे गड्डा जमिनीच्या हिशेबाने जागेवर राहून फक्त वर उचलला जातो. पट्टा हळू असेल तर गड्डे पुढे ढकलले जातात, फार जोरात असेल तर कापण्याआधीच रोप मुळासकट उपटतं. म्हणून पट्ट्याची गती चाकावरूनच घ्यावी, वेगळी मोटर लावून अंदाजाने जुळवत बसू नये.

आता हिशेब. 45 बाय 45 सेंमीवर एका गुंठ्यात सुमारे 500 गड्डे बसतात. सेकंदाला 30 सेंमी चाललं तरी यंत्र मिनिटाला 40 गड्डे देतं, म्हणजे गुंठा तेरा मिनिटांच्या आत संपला. पण मागे उभा असलेला माणूस दीड सेकंदात एक गड्डा पाहून, जादा पानं काढून क्रेटमध्ये लावू शकत नाही. निम्मा वेग पुरे. आपल्या खाचरांत बांधाशी वळण्यातच जास्त वेळ जातो, त्यामुळे मोठं स्वयंचलित धूड इथे आणण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एका ओळीचं, दोघांनी उचलून बांधापलीकडे ठेवता येईल असं करा. शिवाय यंत्र एकाच फेरीत सगळं कापतं, हाताने काढताना तयार गड्डे निवडून दोन-तीन वेळा काढता येतात. एकसारखं तयार होणारं वाण आणि एकाच दिवशीची लागवड नसेल तर यंत्राचा विचारच करू नका.

किनाऱ्यालगत खाऱ्या हवेचं वेगळं प्रकरण. 304 जातीचं स्टेनलेस स्टील सांगाड्याला चांगलं, पण ते उष्णतेने कडक होत नाही, त्याला धार टिकत नाही. पात्याला 420 जातीचं स्टेनलेस स्टील घ्या. तेही खाऱ्या हवेत डागाळतं, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुऊन, पुसून खायचं तेल लावा. अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचे बोल्ट असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर हवेतच, नाहीतर बोल्टभोवतीचं अॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्याने झिजत जातं.

पालेभाजीसाठी चकती नको, दोन चाकांवर फिरणारं अखंड पट्टीचं पातं हवं. मात्र लाल माठाची जुडी लोक मुळासकट मागत असतील तर हे यंत्र निरुपयोगी. हॉटेलला सुटा पाला किंवा लेट्यूस द्यायचं असेल तरच ते करा. लेट्यूसच्या कापातून पांढरा चीक येतो, तो पात्यावर वाळून धार बोथट करतो आणि बूड तांबूस पडतं. त्यासाठी कापाच्या जागी स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा ठेवा आणि काढणी सकाळी, पान ताठ असताना उरका.