आमच्या आडत दुकानाचा फॉक्सप्रो आता सोडायचा, असं ठरलं

लातूरच्या मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल आम्ही दलालीवर विकून देतो. सोयाबीन, तूर, हरभरा. दुकानातला पट्टीचा प्रोग्राम फॉक्सप्रो 2.6 या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेला आहे, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालतो. बाबांनी तो नव्वदच्या दशकात गावातल्याच एका सरांकडून करून घेतला. शेतकऱ्याची हिशोबपट्टी, खरेदीदाराचं बिल, उचलीचं (शेतकऱ्याने आधी घेतलेल्या पैशांचं) खातं, सगळं आजही त्यातूनच निघतं. तो बदलायचा की नाही यावर आमच्या घरात वर्षभर खल चालला. आता निर्णय झाला आहे. यार्डातल्या बऱ्याच दुकानांत असाच एखादा जुना प्रोग्राम चालू आहे, म्हणून आम्ही कशावरून ठरवलं ते लिहिते.

विषय निघाला विंडोजमुळे. दुकानातलं यंत्र विंडोज 10 चं, तेही 32 बिटचं. मुद्दाम तसंच ठेवलं होतं, कारण 64 बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि विंडोज 11 ला 32 बिटची आवृत्तीच नाही. म्हणजे हे यंत्र बंद पडलं की नव्या यंत्रावर आमचा प्रोग्राम आहे तसा चढणार नाही.

मुनीमकाकांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, चालतंय ते मोडायलाव कशाला? यंत्र बिघडलं तर तसलंच जुनं एक आणून ठिवू." हे म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. काका पट्टी करताना पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत. गावाचा कोड, नाव, कट्टे, वजन, भाव, एंटर, एंटर, एंटर. सौदे झाल्यावर दुकानासमोर शेतकऱ्यांची रांग लागते, आणि तेव्हा या वेगाला मोल असतं. नवे प्रोग्राम दाखवायला आले त्यांपैकी बहुतेकांत दर दोन रकान्यांनी माऊसला हात लावावा लागत होता. काका ते बघून काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची मागे सरकवून बसले.

पर्याय तसे होते. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या आत जुनाच प्रोग्राम नव्या यंत्रावर चालवता येतो. आम्ही चालवून पाहिला, चालला. पण डॉसबॉक्स मुळात जुने खेळ खेळण्यासाठी केलेला आहे. दोन यंत्रांवरून एकाच फाइलमध्ये नोंदी करायच्या आणि यूएसबीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पट्टी छापायची, हे त्याचं काम नव्हे. एका कंपनीने व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या विंडोजवरच्या पुढच्या रूपात, आणून देतो म्हणून सांगितलं. दर कमी होता, पडदेही ओळखीचे राहिले असते. पण मायक्रोसॉफ्टने 2007 मध्येच पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं होतं आणि 13 जानेवारी 2015 ला उरलासुरला आधारही थांबवला. फाइलची 2 जीबीची मर्यादा तिथेही तशीच. इतका खर्च करून त्याच रस्त्यावर थोडं पुढे जाऊन उभं राहायचं, हे मला पटलं नाही. तिसरा पर्याय सगळं इंटरनेटवर नेण्याचा. त्याला बाबांनी एका वाक्यात उत्तर दिलं: "नेट गेलं आणि पट्टी थांबली तर माणूस उद्या शेजारच्या दुकानात माल उतरवतो."

कोणता पर्याय घ्यायचा याआधी एक काम करायला हवं, असं मला वाटत होतं, आणि तेच सगळ्यात मोलाचं ठरलं. जुन्या प्रोग्रामच्या आत नक्की काय आहे ते कागदावर काढणं.

आमच्याकडे फक्त चालणारी फाइल होती. मूळ कोड सरांच्या फ्लॉपींवर होता आणि त्या आता वाचता येत नाहीत. फॉक्सप्रोच्या तयार फाइलमधून रीफॉक्स नावाच्या साधनाने कोड परत काढता येतो. सरांना पुण्याला फोन करून विचारलं. ते म्हणाले, "काढ की, तुमच्यासाठीच लिहिला होता." कोड निघाला, पण लिहिताना घातलेल्या टिपा तयार फाइलमध्ये उतरतच नाहीत. त्यामुळे प्रोग्राम काय करतो ते कळलं. का करतो, ते काका, बाबा आणि सरांना विचारत बसावं लागलं.

उदाहरण सांगते. आमच्या दुकानात खरेदीदाराचं 10 लाखांवरचं बिल कधीच एक करत नाहीत, दोन करतात. एका गाडीत 250 क्विंटल सोयाबीन, भाव 4,500 धरला तर 11,25,000 होतात. एक गाडी, एक खरेदीदार, एकच दिवस, तरी बिलं दोन. दुकानात सगळ्यांना वाटायचं हा कराचा काहीतरी नियम आहे. कोडमध्ये पाहिलं तर बिलावर रक्कम दाखवायचा साचा नऊ घरांचा निघाला, दशांश बिंदू आणि पैसे धरून. अशा साच्यात 9,99,999.99 च्या पुढे गेलं की फॉक्सप्रो आकड्याच्या जागी फुल्या दाखवतो. प्रोग्राम लिहिला तेव्हा एका गाडीची रक्कम त्यात आरामात मावायची, पुढे भाव वाढले, गाड्या मोठ्या झाल्या आणि कुणीतरी बिल तोडायची वाट काढली. ती वाट आमच्या दुकानाची पद्धत होऊन बसली. 1 ऑक्टोबर 2022 पासून 10 कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू झालं. त्यात आम्हीही आलो. तेव्हापासून या तोडलेल्या बिलांपायी सोयाबीनच्या एकेका गाडीसाठी दोन ई-इन्व्हॉइस आणि दोन ई-वे बिलं (माल वाहतुकीची ऑनलाइन पावती) काढत आलो आहोत.

आता याच्या उलट गोष्ट. एफ 7 दाबलं की एकाच वजनाच्या दोन पट्ट्या होतात. जमीन मालकाची आणि कसणारा बटईदार, दोघं मिळून एकच माल आणतात. काट्यावर वजन एकदा होतं. हमाली, तोलाई वाट्याप्रमाणे दोघांवर पडते. पण उचल ज्याची त्याच्याच पट्टीतून वजा होते. हे सगळं त्या एका बटणात बसवलेलं आहे. दाखवायला आलेल्या तयार प्रोग्रामांपैकी एकातही हे नव्हतं. "दोन वेगळ्या एंट्र्या करा" असं उत्तर मिळालं. मग काट्याच्या नोंदीशी वजन जुळत नाही, आणि वाट्यावरून दुकानातच वाद उभा राहतो.

आणि एक वटावाचं. शेतकऱ्याच्या पट्टीत रुपयांच्या पुढे पैसे आले की प्रोग्राम रक्कम नेहमी वरच्या रुपयाला नेतो, आणि फरक वटाव खात्याला टाकतो. सरांना विचारलं, ही चूक तर नाही ना? ते म्हणाले, नाही, तुझ्या आजोबांनी समोर बसून करायला लावलं होतं. शेतकऱ्याचा पैसा कापायचा नाही. बाबांनाही हे माहीत नव्हतं. ही ओळ नव्या प्रोग्राममध्ये जशीच्या तशी जाणार आहे.

असं करत एका वहीत दोन याद्या झाल्या. एकीकडे धंद्याचे नियम, दुसरीकडे जुन्या यंत्राच्या अडचणीतून लागलेल्या सवयी. कायद्यामुळे आलेल्या गोष्टी तिसऱ्या पानावर, कारण त्या येतात नि जातात. विक्रीवरचा टीसीएस (विकणाऱ्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा आयकर) 1 ऑक्टोबर 2020 ला आला आणि 1 एप्रिल 2025 पासून गेला. मध्येच 1 जुलै 2021 पासून खरेदीदाराने कापायचा टीडीएस आला, तो अजून आहे. जुन्या प्रोग्राममध्ये हे काहीच घालता आलं नाही. म्हणून काका रोज संध्याकाळी तीच बिलं दुसऱ्या यंत्रावरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा भरतात. बदलाचा खर्च किती, हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. या दुबार नोंदीचा खर्च कुणी धरलाच नव्हता. सोयाबीनच्या हंगामात काकांना घरी जायला रात्र होते, तोही खर्चच आहे.

माझा कल मात्र ठरला तो नावांवरून. सुरुवातीच्या यंत्रात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड, म्हणजे डॉसवर मराठी दाखवणारं कार्ड होतं आणि पट्टी मराठीत निघायची. पुढे नव्या यंत्रांत ते कार्ड बसेना, म्हणून नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाकायला लागले. जुनी मराठी नावं फाइलमध्ये तशीच राहिली, पण पडद्यावर ती रेघा नि चौकटींचे तुकडे दिसतात. त्या वेळच्या इस्की या भारतीय अक्षर-संकेतात 'क' चा आकडा 179 आहे, आणि साध्या डॉसमध्ये 179 म्हणजे एक उभी रेघ. सगळी व्यंजनं याच पट्ट्यात येतात. एका संध्याकाळी मी छोटा प्रोग्राम लिहून ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात आणली. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला असल्यामुळे ते फार अवघड गेलं नाही. रेघांच्या जागी एकेक नाव उभं राहिलं: कुऱ्हाडे, ढवळे, बिराजदार, गाव भादा, गाव किल्लारी, गाव सास्तूर. बाबा शेजारी उभे राहून वाचत होते. त्यातले बरेच जण आता नाहीत. त्यांची मुलं आमच्याकडे माल आणतात, आणि त्यांच्या हातात आम्ही इंग्रजी पट्टी देतो. ज्याचा माल त्याला त्याची पट्टी वाचता आली पाहिजे. उचल किती कापली, हमाली किती लागली, हे कुणाला विचारावं लागू नये. मला हे ई-इन्व्हॉइसपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

इंग्रजीत टाकलेल्या नावांचं काम मात्र यंत्रावर सोडता येणार नाही. केएएलई हा काळे की काले, एमएएनई हा माने की मने, ते त्या माणसालाच विचारायचं. दुकानात येईल तसं नाव विचारून दुरुस्त करायचं ठरलं आहे.

माहिती बाहेर काढणं एरवी सोपं आहे, कारण फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल उघड रचनेची आहे, लिबरऑफिसमध्येसुद्धा उघडते. एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. फॉक्सप्रोमध्ये नोंद काढून टाकली तरी ती लगेच जात नाही. ओळीच्या सुरुवातीला फक्त खूण होते, आणि पॅक ही आज्ञा दिल्यावरच ती खरी पुसली जाते. ती खूण न बघता सगळ्या ओळी धरल्या तर बेरीज खतावणीशी जुळणार नाही. आम्ही दरवर्षीची बेरीज छापील खतावणीशी ताडून मगच पुढे गेलो.

मग निर्णय असा. हिशोब, कर, ई-इन्व्हॉइस हे सगळं तयार सॉफ्टवेअरमध्ये, कारण कायदा बदलला की ते बदलणारे लोक तिथे आहेत. पट्टी मात्र नव्याने लिहून घ्यायची, आमच्या वहीतल्या पहिल्या यादीप्रमाणे. माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, दुकानातल्याच यंत्रावर, इन्व्हर्टरच्या आधाराने, आणि रोज रात्री तिची एक नक्कल बाहेर जाणार. नेट गेलं तरी पट्टी निघेल. पूर्ण पट्टी फक्त कीबोर्डवर झाली पाहिजे, ही काकांची अट पहिल्या पानावर आहे. जुनं यंत्र नेटवरून काढून फक्त बघण्यापुरतं ठेवायचं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात, तेवढा काळ तरी ते हवंच.

कधी करायचं यावर बाबांशी माझा बराच वाद झाला. त्यांना पाडव्याला करायचं होतं. लक्ष्मीपूजनाला वही पूजायची आणि पाडव्याला नवं खातं उघडायचं, ही आमची रीत. मलाही ती मोडायची नाही. पण दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असते, त्या गर्दीत नवा प्रोग्राम काकांच्या हाती देणं बरं नव्हे. 1 एप्रिल कागदोपत्री सोयीचा, पण तेव्हा यार्डात हरभरा चालू असतो. शेवटी आषाढ-श्रावण ठरला. पेरण्या झालेल्या असतात, आवक कमी असते. त्या काळात प्रत्येक पट्टी दोन्हीकडे काढायची आणि रुपया-पैशाने जुळवायची. जुळल्या तर पाडव्याला पूजेत नव्या यंत्राचा कीबोर्ड ठेवू, असं मी बाबांना कबूल केलं आहे.

लिहून देणारी मुलं लातूरचीच आहेत, यार्डात येऊन काकांच्या शेजारी बसून काम बघून गेली. करारात मी एक कलम वाढवून घेतलं. मूळ कोड टिपांसकट आमच्याकडे राहील, माहितीचा पासवर्ड आमच्याकडे राहील, आणि वहीतला प्रत्येक नियम कोडमध्ये कुठे आहे ते मराठीत लिहून मिळेल. या एका कलमासाठी त्यांनी थोडे पैसे वाढवून मागितले. बाबांनी घासाघीस न करता हो म्हटलं.